चालती गळती

पर्यावरणाशी माझं कधी वाकडं नव्हतं, पण फारसं सख्यही नव्हतं. हवा तापते आहे हे मला पेपरातून कळलं होतं आणि त्याबद्दल सुशिक्षित माणसाला जेवढं वाईट वाटायला हवं तेवढं मी वाटून घेत होतो. माझी स्वतःची मागणी अगदी साधी होती. सकाळी आपल्या सज्जात खुर्ची टाकून, नाकाला रुमाल न लावता, शांतपणे पेपर वाचता यावा. बस. पुढचं सगळं रामायण त्या खुर्चीपायी घडलं.

आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून घाऊक भाजीबाजार आहे. न विकलेली, दबलेली, फुटलेली सगळी भाजी भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत ओततात. त्या ढिगाला माणसासारखे स्वभाव आहेत. थंडीत तो गप्प असतो, उन्हाळ्यात बोलतो आणि पावसाची एक सर पडून ऊन आलं की व्याख्यान देतो. मी शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करणाऱ्या माणसाला घरी चार श्वास सरळ घेता येऊ नयेत, हे मला फार लागलं. एक दिवस मी इस्त्रीचा शर्ट घालून बाजार समितीच्या सभापतींकडे तक्रार घेऊन गेलो.

सभापतींनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरोबर आहे तुमचं. मग आम्ही काय करू, सांगा.”

तक्रार करणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. तो त्या तयारीने गेलेला नसतो. मी दोन दिवसांत सांगतो म्हणालो आणि चहा अर्धा टाकून उठलो.

घरी माझी लेक आहे. ती रसायनशास्त्र शिकलेली असून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि जेवताना असल्या विषयांवर बोलायला तिला अजिबात संकोच वाटत नाही. तिने सांगितलं की तो ढीग नुसता वास मारत नाही, त्यातून मिथेन निघतो. आपल्या शेगडीत पाइपातून येतो तो गॅसही मुख्यतः मिथेनच. मात्र ढिगातला सरळ आभाळात जातो आणि हवा तापवण्यात धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी वरचढ ठरतो. तोच जर बंद टाकीत धरला, स्वच्छ केला आणि गॅस कंपनीच्या पाइपात सोडला, तर जमिनीखालून उपसलेला तेवढा गॅस जाळायची गरज उरणार नाही.

“आणि पाइप लांब नाहीये, बाबा,” ती म्हणाली. “तू रोज त्याच्यावरून चालत बस गाठतोस.”

माझी बायको रुग्णालयात मुख्य परिचारिका आहे. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आजार ओळखला. “अहो, तुम्ही फक्त निरोप पोचवा,” ती म्हणाली. “मध्ये पडू नका.”

मी मध्ये पडलो नाही. इमारतीच्या सभेत मी फक्त उभा राहिलो आणि या ढिगाचं काहीतरी केलं पाहिजे, एवढंच म्हणालो. कडकडून टाळ्या झाल्या. अशा टाळ्यांचा अर्थ ‘छान, तुम्हीच करा’ असा असतो, हे माझ्या लक्षात येईपर्यंत मी रहिवाशांच्या वतीने प्रकल्पप्रमुख झालो होतो. ढीग जाणार म्हणून सभापती खूश होते, नवा प्रयोग दाखवता येणार म्हणून गॅस कंपनी खूश होती. खर्चाचं त्या दोघांनी आपसात मिटवलं. माझ्याकडे काय आलं, तर लोकांची समजूत काढणं. म्हणजे खर्च त्यांचा आणि खर्ची पडायचो मी.

लोकांना शंका होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं की कोबीच्या गॅसवर केलेल्या चहाला कोबीचा वास येईल का. मी नाही म्हणालो. मग फुलकोबीचा येईल का, असं त्यांनी विचारलं. तळमजल्यावरच्या विमा एजंटने टाकी फुटली तर काय काय उडेल याची उजळणी करून प्रत्येक घरी चहा घेतला. पण खरा विरोध होता तो वरच्या मजल्यावरच्या न्यायमूर्तींचा.

न्यायमूर्ती हे न्यायाधीश कधीच नव्हते. न्यायालयाच्या दारात उभं राहून पक्षकारांचा पुकारा करायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि निवृत्त झाल्यावर निकाल द्यायला सुरुवात केली. आवाज असा की जिन्यात बोलले तर गच्चीवरचे कपडे हलावेत. त्यांनी भर सभेत मला विचारलं की कुजलेल्या भाजीवर घरादाराची सुरक्षितता सोपवायची का. मी त्यांना मिथेन समजावून सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकला आणि फेटाळला.

गॅस कंपनीने आमच्यासाठी एक जोडणी अधिकारी नेमल्या होत्या. अत्यंत सौम्य बाई. आवाज कधी चढत नसे आणि नकार कधी देत नसत. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘हो’ने सुरू व्हायचं आणि लगेच ‘पण’वर यायचं. माझी लेक त्यांना होपणबाई म्हणायला लागली आणि एकदा फोनवर मीही चुकून म्हणालो. त्यांना ते कंपनीतल्या दुसऱ्या कोणाचं तरी आडनाव वाटलं. त्यांनी माझा फोन तिकडे जोडून देऊ केला.

तर होपणबाई म्हणाल्या की हो, आम्ही तुमचा गॅस नक्की घेऊ, पण तो आमच्या गॅससारखाच हवा. टाकीतून निघणाऱ्या गॅसमध्ये निम्म्याहून थोडाच जास्त मिथेन असतो, बाकीचा नुसता बसल्याजागी भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा कार्बन डायऑक्साइड. शिवाय सडक्या अंड्यांचा वास. शिवाय ओल. हे सगळं काढायचं. मग आमच्या पाइपात जेवढा दाब असतो तेवढा दाब द्यायचा. जाळल्यावर उष्णता आमच्याएवढीच निघाली पाहिजे. कमी नको आणि हो, जास्तही नको. एवढ्या अटी माझ्या सासऱ्यांनीही घातल्या नव्हत्या.

भिंतीपलीकडे, ढिगाच्याच जागी, टाकी उभी राहिली. वर रबरी घुमट होता, तो गॅस भरला की फुगायचा. बाजारापलीकडे एक गोठा आहे. सुरुवातीला टाकीत शेण घालावं लागतं, कारण भाजी पचवणारे जंतू त्यात आयते मिळतात. म्हणून आम्ही गोठेवाल्यांना सोबत घेतलं. गोठेवाले मोठ्या मनाचे आणि मोठ्या गप्पांचे. शेण त्यांनी आनंदाने दिलं, पण सल्ल्यासकट दिलं. ती टाकी नाही, जनावर आहे, असं ते म्हणत. रोज सकाळी येऊन तिच्या पोटावर थाप मारून जात आणि आज जरा मलूल वाटते, असं काहीतरी मला सांगून दिवसभर घोर लावून ठेवत.

घुमट फुगायला लागला. माझी छातीही. मी छापखान्यातून परस्पर टाकीकडे जायला लागलो. नेमकी तेव्हाच लेक कामासाठी परगावी गेली होती आणि बाजारात लिंबांचा पूर आला होता. गाड्याच्या गाड्या लिंबं कोणी विचारीना. सभापतींनी विचारलं, एवढी तुमच्या टाकीला चालतील का? लेकीला फोन करावा असं मनात आलं होतं. पण प्रकल्पप्रमुख मी होतो. मी गोठेवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, पोटाला लिंबू बरंच असतं. मला हे शास्त्रीय वाटलं. मी सगळी लिंबं आत लोटायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या वरच्या नळीतून फेस यायला लागला. आधी दूध उतू जातं तसा अलगद. मग जरा घाईने. मग तो भिंतीवर चढला, क्षणभर थांबून त्याने आमच्या आवारात पाहिलं आणि न्यायमूर्तींच्या नुकत्याच धुतलेल्या गाडीवर उतरला. ते गॅलरीतून बघत होते. त्यांनी माझ्या नावाचा पुकारा केला. तीनदा. न्यायालयात तिसऱ्या पुकाऱ्यानंतर आरोपी गैरहजर धरतात म्हणे. मी टाकीमागे उभा होतो.

लेक परत आली तेव्हा काही ओरडली नाही. आत जिवंत जंतू असतात, तू त्यांना लिंबाच्या रसात बुडवलंस, एवढंच म्हणाली. मग टाकीला उपास घडवला, ताजं शेण घातलं आणि आंबटपणा मोडायला चुना टाकायचा ठरला. चुन्याची पोती आवारातून नेताना न्यायमूर्ती जिन्यात उभे होते. इतक्या उघडपणे चुना लावताना आपण आयुष्यात कोणाला पाहिलं नाही, असं ते शेजाऱ्यांना म्हणाले. शेजारी हसले. मीही हसलो. आतून मी पोत्याखाली सापडलो होतो.

पण टाकी सावरली. मग गॅस धुवायचा उंच स्तंभ आला. त्यात वरून पाणी पडतं, खालून गॅस चढतो आणि कार्बन डायऑक्साइड पाण्याबरोबर निघून जातो. सडक्या अंड्यांचा वास काढायला खास कोळशाचा डबा बसवला. त्या डब्याने मला रडवलं. आज बरा, उद्या वास. कोळसा बदला, झाकण घट्ट करा, पुन्हा वास. इमारतीत मला कोणी भेटलं की आधी नाक वर करायचे आणि मग नमस्कार करायचे. पण अखेर एक दिवस लेकीने नळीतून नमुना काढला आणि मला हुंगायला दिला. काहीच नाही. पावसानंतरचं आभाळही एवढं कोरं नसेल. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिने तो फार वेळ राहू दिला.

होपणबाई यंत्र घेऊन आल्या. शुद्धता पाहिली, ओल पाहिली, दाब पाहिला, उष्णता पाहिली.

“हो,” त्या म्हणाल्या. “उत्तम आहे.”

आम्ही सगळे थांबलो. त्याही जरा थांबल्या. त्यांनाही ते जड जात असावं.

“पण याला वास नाही.”

मला वाटलं त्या कौतुक करताहेत. मी लाजून मान खाली घातली. मग त्यांनी समजावलं की निव्वळ मिथेनला मुळात वासच नसतो. घरात गळती झाली तर माणसाला कळावं म्हणून गॅस कंपनी त्यात मुद्दाम एक घाण वासाचं द्रव्य मिसळते. शेगडी नीट न पेटवली तर येतो तोच वास. बिनवासाचा गॅस त्या पाइपात घेऊ शकत नाहीत. तेव्हा वास घालावा लागेल.

मी खाली बसलो. ज्या एका गोष्टीसाठी मी सज्जातून उठलो होतो, ती गोष्ट आता मला बाहेरून मागवून आणायची होती.

हे सभेत सांगायची पाळी माझ्यावर आली. मी जमेल तितक्या गंभीरपणे सांगितलं. न्यायमूर्ती उठले. आणखी वास कशाला आणता, माझ्या स्वयंपाकघरात आधीच कोबी कुजल्यासारखा वास येतो, ते म्हणाले. खिडक्या गच्च लावून घेतो तरी जात नाही. ही त्यांची तक्रार जुनी होती. महिनाभर ते मला जिन्यात गाठून तेच सांगत होते आणि टाकीला वासच उरला नव्हता तेव्हाही सांगत होते, म्हणून मी ती हट्टाच्या सदरात टाकली होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो की होईल सवय हळूहळू. लोक हसले. चुन्याची फेड झाली, असं मला वाटलं आणि मी समाधानाने बसलो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

वास मिसळायचं यंत्र बसवून झालं होतं. दुपारी कंपनीचा तंत्रज्ञ येऊन बाजारातल्या लोकांना त्या द्रव्याचा वास ओळखायला शिकवणार होता. त्यासाठी एक इवलीशी बाटली लोखंडी डब्यातून सकाळीच टाकीशेजारच्या खोलीत आली. डब्यावर ‘उघडु नये’ असं लिहिलं होतं. ‘उघडू’मधला ‘डू’ ऱ्हस्व छापला होता. जिथे साधी सूचना धड छापत नाहीत तिथे आतला माल तरी बरोबर असेल कशावरून, असा विचार माझ्या मनात आला. तीस वर्षं मी न तपासलेलं पान पुढे जाऊ दिलेलं नाही. मी डबा उघडला. बाटलीचं बूच अगदी थोडं, अर्ध्या वेढ्याने, सैल केलं. बुचाच्या कडेचा एक थेंब माझ्या बाहीच्या कफावर पडला.

जो वास आला त्याचं वर्णन मी करणार नाही. मी बूच घट्ट केलं, डबा लावला, साबणाने कफ घासला. थोड्या वेळाने वास येईनासा झाला. मला वाटलं साबण चांगला आहे. नाक थकून काम बंद ठेवतं, हे मला पुढे लेकीने सांगितलं.

बायको त्या दिवशी चष्मा घरी विसरून गेली होती. तो तिला रुग्णालयात नेऊन द्यावा म्हणून मी निघालो. वाटेत टपाल कचेरीत तिकिटं घ्यायला थांबलो. खिडकीमागच्या बाई नाक फेंदारून हुंगायला लागल्या, मग उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गॅस गळतोय. रांगेत कुजबुज झाली. मला काही जाणवलं नाही, पण या बाबतीत जबाबदार माणूस म्हणावा असा तिथे मीच होतो. मी पुढे झालो. दिवे लावू-विझवू नका, खिडक्या उघडा, घाई करू नका, असं सांगत मी सगळ्यांना बाहेर काढलं. एका आजोबांना तर मी त्याच हाताचा आधार देऊन जिन्यावरून उतरवलं. ते फार अस्वस्थ दिसत होते. मी त्यांना धीर दिला. गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायला लावून मी पुढे निघालो.

न्हाव्याच्या दुकानासमोर थांबून मी त्यालाही सावध करावं म्हटलं. आत शिरून सांगतोय तोवर त्यालाही वास आला. माणसं गळ्यात फडकी, गालावर साबण, अशी रस्त्यावर आली. बसमध्ये चढलो तर तिसऱ्या थांब्याला चालकाने गाडी बाजूला घेतली. ती बस गॅसवर चालतच नव्हती, पण नाकाला ते पटवून देता येत नाही. सगळे उतरले. मी तिथेही व्यवस्था पाहिली. एका बाईंनी माझे आभार मानले, मात्र लांबून.

आता मला राग यायला लागला होता. एवढ्या ठिकाणी गळती. म्हणजे रस्त्याखालचा अख्खा पाइप कुजला असणार. आणि आमच्या गॅसची उष्णता कणभर जास्त नको म्हणणारे हेच लोक. रुग्णालयाच्या फाटकापाशी उभं राहून मी होपणबाईंना फोन लावला. आवाजात थोडा कडकपणा आणला. तुमची पाइपलाइन जागोजाग फुटली आहे आणि असल्या पाइपात आमचा गॅस सोडायचा की नाही याचा आम्हालाच आता विचार करावा लागेल, असं मी सुनावलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही आत्ता कुठे आहात?”

मी सांगितलं.

“आणि त्याआधी?”

मी बस सांगितली. त्याआधी न्हावी, त्याआधी टपाल कचेरी. पलीकडे कोणीतरी नकाशावर बोट फिरवत असल्यासारखी शांतता होती.

“आहात तिथेच उभे राहा,” त्या म्हणाल्या. “आत जाऊ नका. आमच्याकडे ज्या क्रमाने फोन आले, त्यावरून आम्हाला वाटत होतं की गळती चालते आहे. आता कळलं, ती बसनेही जाते.”

फाटकावरच्या रखवालदाराने तोवर बायकोला बोलावून आणलं होतं. ती दारातून बाहेर आली, दहा पावलांवर थांबली आणि एकदाच श्वास घेतला. वाटेतल्या कोणाला जे कळलं नव्हतं ते तिला तिथे कळलं.

“शर्ट काढा,” ती म्हणाली.

मी म्हणालो, इथे? तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही, नुसता हात पुढे केला. भर फाटकात, भेटीच्या वेळी आलेल्या नातेवाइकांसमोर, मी शर्ट काढून दिला. तिने हातमोजे घालून तो पिशवीत कोंबला, पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिला गाठ मारली आणि मला रुग्णांचा झगा दिला. तो झगा मागून बांधायचा असतो. त्याच्या नाड्या दोनच असतात आणि त्या जिथे असायला हव्यात तिथे नसतात. मग मी तिला चष्मा दिला. तिने तो लावून मला नीट पाहिलं आणि पुन्हा काढून ठेवला.

बाटलीतला थेंब सापडला म्हणून प्रकरण संपत नव्हतं. नियम असा की एकदा गळतीचा फोन आला की तो भाग बंद करून घर न् घर तपासल्याशिवाय गॅस पुन्हा सुरू करता येत नाही. कंपनीने आमच्या सगळ्या भागाची झडप बंद केली होती. मी कंपनीच्या गाडीतून परतलो तेव्हा सगळी इमारत आवारात उभी होती. अर्ध्या शिजलेल्या भांड्यांवर झाकणं ठेवून माणसं खाली आली होती. होपणबाईही होत्या. मी पाठ भिंतीकडे ठेवून, झगा एका हाताने धरून, सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. बूच मीच उघडलं, थेंब माझ्याच बाहीवर होता.   आजींनी स्वतःची शाल आणून माझ्या पाठीवर टाकली.

होपणबाई हळू आवाजात मला म्हणाल्या की वरिष्ठांशी बोलणं झालं आहे, प्रकल्प बहुधा गुंडाळावा लागेल. माझी लेक तिथेच उभी होती. तिने मान फिरवून टाकीकडे पाहिलं. एवढ्या सगळ्या प्रकारात मला खरं मेल्याहून मेल्यासारखं झालं ते त्या क्षणी.

तेवढ्यात तपासणी करणारी माणसं जिन्यातून उतरली आणि त्यांनी विचारलं, वरच्या मजल्यावरचं घर कोणाचं.

न्यायमूर्तींच्या शेगडीमागचा सांधा झिजला होता. तिथून गॅस येत होता. बारीक, पण सतत. थेंबाशी, टाकीशी, माझ्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता, तो कंपनीचाच नेहमीचा गॅस होता आणि महिनाभर तरी येत असावा, असं ते म्हणाले. घरात यंत्र लावलं तर काटा एकदम वर गेला, कारण सगळ्या खिडक्या गच्च बंद. माझा वास येऊ नये म्हणून बंद.

न्यायमूर्ती आवारातल्या बाकावर बसले. त्यांची बायको शेजारी उभी होती, तिने त्यांचा खांदा धरला होता. मी शाल सावरत त्यांच्याजवळ गेलो.

“मी म्हणत होतो, वास येतो,” ते म्हणाले. तो आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

“हो.”

“तुम्ही म्हणालात, सवय होईल.”

“म्हणालो.”

“झालीच होती,” ते म्हणाले. “चार दिवसांपासून येईनासा झाला होता.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. झग्याचं भान राहिलं नाही.  मग ते उठले, घसा साफ केला आणि होपणबाईंकडे वळले, तेव्हा आवाज जागेवर आला होता. त्यांनी सांगितलं की या माणसाने आज मूर्खपणा केला हे निर्विवाद आहे, पण तो केला नसता तर तुमची माणसं माझ्या स्वयंपाकघरात कधी आली असती ते सांगा. टाकीने काही गुन्हा केलेला नाही. टाकी चालू ठेवा आणि यांना बाटलीपासून लांब ठेवा, हे वरिष्ठांना माझ्या नावाने कळवा. कोण न्यायमूर्ती, असं वरिष्ठांनी फोनवर विचारलं म्हणे. होपणबाईंनी आयुष्यात प्रथमच अर्धवट माहिती दिली, न्यायालयात होते एवढंच म्हणाल्या, आणि वरिष्ठ नरमले.

यथावकाश गॅस पाइपात सोडायचा दिवस उजाडला. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल, निदान ऐकू येईल. तंत्रज्ञाने एक चाक थोडं फिरवलं. एका तबकडीतला काटा किंचित हलला. झालं, होपणबाई म्हणाल्या. मी बायकोला फोन करून शेगडी पेटवायला सांगणार होतो, इमारतीतल्या सगळ्यांनी आपापली काड्यापेटी हातात धरली होती. मी सहज विचारलं की आमच्या घरी हा गॅस पोचायला किती वेळ लागेल.

तो तुमच्याकडे येणार नाही, त्या म्हणाल्या. पाइपातला प्रवाह तुमच्या इमारतीकडून पुढे जातो. तुम्ही जोडलात ते ठिकाण तुमच्या घरांच्या पुढे आहे. तुमचा गॅस नदीपलीकडे जाईल, तिथल्या गॅसमध्ये मिसळेल आणि मग तो कुठला हे कोणालाच सांगता येणार नाही. हवेला मात्र फरक पडेल, तेवढाच पडेल. हवेला पत्ता लागत नाही.

मी हे इमारतीत सांगितलं. विमा एजंटला वाटलं आपण फसलो. आजी म्हणाल्या, जाऊ दे, चहाचा धोका तरी टळला. न्यायमूर्तींनी बराच विचार करून यात अपील नाही असं सांगितलं. आणि मी दोन दिवस नीट जेवलो नाही. कुठल्या तरी शेगडीत आमची लिंबं, आमचा कोबी, माझी इतक्या महिन्यांची लाज जळत होती आणि ती कुठली हे मला कधी कळणार नव्हतं.

सुटीच्या दिवशी बायकोने मला चपला घालायला सांगितल्या. कुठे ते सांगितलं नाही. आम्ही बसने नदी ओलांडली आणि शेवटच्या थांब्याला उतरलो. लेकीने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की गॅसची ती वाहिनी तिथे एका बेकरीपाशी संपते. छोटीशी बेकरी होती, बाहेर पाव ठेवायच्या फळ्या, आत मोठी भट्टी. बेकरीवाला पिठाने पांढरा झालेला, घाईत. बायकोने ताजा पाव घेतला आणि अगदी सहज विचारलं, आमच्या यांना भट्टी बघायला आवडते, आत आलं तर चालेल का. चालेल म्हणाला. लोकांना काय काय आवडतं याची त्याला सवय असावी.

मी आत गेलो. भट्टीच्या लोखंडी दारात एक काच होती. तिच्यातून निळ्या ज्वाळांची रांग दिसत होती. सगळ्या सारख्या, शिस्तीत, एक मागे नाही एक पुढे नाही. मी वाकून पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत पाहिलं, मग पुन्हा पहिल्यापासून. बायको माझ्यामागे पाव खात उभी होती. बेकरीवाल्याचं लक्ष गेलं. काही बिघडलंय का, काही शोधताय का, असं त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “कोणी ओळखीचं दिसतंय का, बघत होतो.”